दहा मिनिटांची बाग: तुम्ही विचारलंत म्हणून

लिफ्टमध्ये, मंडईत, परवा तर लग्नाच्या पंगतीतही तेच: "आम्हाला वेळ नसतो हो, गच्चीवरच्या भाजीचा एखादा शॉर्टकट सांगा ना. रोज दहा मिनिटं देऊ." कुंडी कुठली, ऊन किती, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. ते सोडते.

शॉर्टकट आहेत. सुरुवातीला मी "नाहीतच" असं ठणकावून सांगायचे, तो माझा ताठा होता. टोमॅटो, वांगी, मिरची घरी बियांपासूनच करायचा हट्ट कशाला? रोपवाटिकेतून ट्रेमधली रोपं आणा, जवळपास महिना वाचतो. फुलावर आलेलं उंच रोप दिसायला छान, पण ते घेऊ नका. चार-पाच पानांचं, बुटकं, जाड देठाचं घ्या. मंडईतल्या पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्या-दहा दिवसांत मुळं धरतात. अळूचा कंद आणि मायाळूची फांदी एकदा लावली की पुन्हापुन्हा बघायला नको. तोंडली मात्र फळ धरणाऱ्या वेलाच्या काडीपासूनच लावा. बियांतून नर वेल निघाला तर मांडवभर पानं मिळतील, तोंडलं एकही नाही. धणे रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. आणि एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या गच्चीवर कोथिंबिरीचा नाद सोडा, तेव्हा विकतची आणणं हाच शॉर्टकट.

पाण्याचं म्हणाल तर ठिबक लावा, पण दुकानदार देईल ते उचलू नका. दोनशे लिटरचा पिंप तीन फूट उंचावर ठेवला तर दाब जेमतेम ०.१ बार (बार म्हणजे दाबाचं माप) मिळतो. दाब नियंत्रित करणारे ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोट्या, एवढ्यावर नीट चालतच नाहीत. साधे घ्या, आणि "ताशी चार लिटर" या लिखाणावर विसंबू नका. पिंपावर तोच ड्रिपर सव्वा लिटरच्या आसपास देतो. खाली तांब्या लावून मोजा. टायमरही बॉल व्हॉल्ववाला, म्हणजे आतला गोळा फिरवून पाणी सोडणारा हवा. सोलेनॉइडच्या, म्हणजे विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या, बऱ्याच टायमरांना उघडायला नळाचा दाब लागतो, पिंपाला जोडले की ते नुसतेच टिक्क करतात. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी क्षार बसतात, म्हणून गाळणी हवीच.

आता चिपाडं. कारण "माती जड होते, काहीतरी हलकं फुकटात भरलं तर?" हा तुमचा लाडका प्रश्न, आणि त्यावर माझ्या आवाजाला धार का येते तेही तुम्ही विचारता.

रसवंतीतून उसाची चिपाडं फुकट मिळतात. मी बारा इंच खोल सोळा क्रेट भरले: दोन तृतीयांश चिपाडं, वर माती आणि शेणखत. ऑक्टोबरच्या मध्याला टोमॅटोची रोपं. तीन आठवड्यांत खालची पानं पिवळी, मग त्यांच्या वरची. मी गोमूत्र दहापट पाण्यात घालून ओतलं, पुन्हा ओतलं. दोन दिवस हिरवी छटा यायची, मग परत तेच. कारण सोपं आहे, पण तेव्हा सुचलं नाही. चिपाडात कार्बन रगड, नत्र (नायट्रोजन) नाममात्र. प्रमाण शंभराला एक याहूनही वाईट. ते कुजवणारे जिवाणू आपल्याला लागणारा नत्र मातीतून ओढतात आणि झाड उपाशी राहतं. शिवाय कुजलं तसं सगळं बसत गेलं. जानेवारीत बारा इंचांचे सात इंच राहिले, मुळं उघडी पडली आणि काठीला बांधलेली झाडं लोंबायला लागली. सोळा क्रेटमध्ये मिळून पुरती चार किलो टोमॅटोही नाहीत.

म्हणून मी वर्षभर सांगत राहिले: चिपाडं आत घालू नका. तीच वर दोन-तीन इंच पसरा, खोडापासून दोन बोटं लांब. वर असली की नत्राची ओढाताण पृष्ठभागापुरतीच राहते आणि पाणी निम्म्या वेळा घालावं लागतं. पावसाळ्यात थर पातळ करा, नाहीतर गोगलगायींना घर मिळतं.

पण एक गोष्ट मी सांगत नव्हते. तेच सोळा क्रेट जूनमध्ये उपसले तेव्हा आतली माती काळी, भुसभुशीत, हातात घेतली की सुटी होणारी होती. नुसती वर भर घातली आणि भेंडी लावली. तशी भेंडी विकतच्या खतावर कधी आली नव्हती. मग शॉर्टकट फसला, की मला आठ महिने थांबता आलं नाही? चिपाडं शेणकाल्यात तीन-चार महिने कुजवून भरा, असं आता सांगते. तुम्ही म्हणाल, मग शॉर्टकट कसला? बरोबर आहे.

ठिबकाबद्दलही मन पूर्ण बसलेलं नाही. हाताने पाणी घालताना पान आपोआप उलटलं जातं, कोवळ्या शेंड्यावरचा मावा दिसतो. टायमर लावला की गच्चीवर पाऊल पडत नाही, आणि पिठ्या ढेकूण दिसेपर्यंत वांग्याचा अख्खा शेंडा पांढरा झालेला असतो. तेवढ्यावर लिटरला पाच मिली निंबोळी तेल, साबणाचे थेंब घालून, संध्याकाळी फवारा. पण एकदा पसरला की तीन-चार फवारण्या आल्याच. वाचवलेला वेळ तिथे जातो.

तरी टायमर घ्यायचाच असेल तर घ्या. रोजची ती दहा मिनिटं मात्र पानांची खालची बाजू बघायला ठेवा.