कुंड्यांखालची वर्तुळे

आज सकाळी गच्चीतल्या सगळ्या कुंड्या हलवल्या आणि प्रत्येकीच्या जागी फरशीवर उमटलेले वर्तुळ पाहून मन खट्टू झाले. पांढरे डाग पाण्यातल्या आणि खतातल्या क्षारांचे असतात. मातीची कुंडी सच्छिद्र असल्यामुळे पाणी तिच्यातून झिरपते, वाळते आणि क्षार मागे ठेवून जाते. तपकिरी डाग कुजलेल्या पानांतल्या टॅनिन या रंग सोडणाऱ्या नैसर्गिक द्रव्याचे, तर तांबूस डाग बहुधा लोहयुक्त खताचे असतात.

माझी फरशी सिरॅमिकची आहे, म्हणून व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून ते पांढऱ्या डागांवर १० मिनिटे राहू दिले आणि मग ब्रशने घासले. बहुतेक डाग निघाले. संगमरवर, चुनखडीचा दगड किंवा सिमेंट यांवर मात्र कृपया हा प्रयोग करू नका, कारण आम्ल तो पृष्ठभागच खाते. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. तपकिरी डागांवर खाण्याच्या सोड्याचा लेप लावला, ते फिकट झाले इतकेच.

आता प्रत्येक कुंडी रबरी ठोकळ्यांवर, जमिनीपासून २ सेंटीमीटर उंच ठेवली आहे, म्हणजे खालून हवा खेळेल आणि ओल साचणार नाही.