ताटाची डावी बाजू

"तुम्ही म्हणे नुसतं कच्चंच खाता? मग फरक काय पडला?" लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या गाड्यावर, सकाळी फिरायला गेल्यावर, गेली सहा वर्षं लोक मला हे विचारतात. एरवी मी दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढे जाते. पण मागच्या आठवड्यात आमच्याच इमारतीतली एक मुलगी वही-पेन घेऊन दारात उभी राहिली. वय २४, अंगाने किडकिडीत. म्हणाली, "काकू, सोमवारपासून मी गॅस पेटवणारच नाही. काय काय खायचं ते सांगा." तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे, कारण तिच्या वयाच्या मुली हे मोबाइलवर बघून सुरू करतात आणि त्यांच्यापर्यंत अर्धीच गोष्ट पोचलेली असते.

आधी मी काय खाते ते सांगते. सकाळी भिजवलेले बदाम आणि हंगामातलं फळ, पपई नाहीतर पेरू. दुपारी मोठी ताटली भरून काकडी, गाजर, कोबी, टोमॅटो, मोड आलेले मूग, वर ओलं खोबरं, दाण्याचा कूट, लिंबू आणि शेजारी वाटीभर दही. रात्री ज्वारीची भाकरी, वरण आणि शिजवलेली भाजी.

माझं माहेर बार्शीचं. थंडीत आई मेथीचा घोळाणा करायची. कोवळी मेथी बारीक चिरायची, त्यात कांदा, दाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि वरून करडईचं कच्चं तेल. शेतातून हरभऱ्याचे डहाळे आले की घाटे सोलत कच्चेच खायचो. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ असायची. ती डाळ तरी कुठे शिजवतात? भिजवायची आणि कैरीबरोबर वाटायची. म्हणजे कच्चं आपल्याकडे होतंच, फक्त ताटाच्या डाव्या बाजूला, चमचाभर. मी डावी बाजू वाढवली, एवढंच केलं.

फायदा झाला का? झाला. वर्षानुवर्षांचं बद्धकोष्ठ दोन महिन्यांत गेलं. दुपारी जेवल्यावर जी सुस्ती यायची ती येत नाही. सावकाश चावून खावं लागतं, त्यामुळे पोट भरल्याचं वेळेवर कळतं आणि वाढलेलं वजन हळूहळू उतरलं. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं आणि भाजीच्या पाण्यात उतरतं, फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाचंही तसंच. ते पाणी ओतून दिलं की गेलं. कोरड्या मुगात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, मोड आल्यावर तयार होतं. वर लिंबू पिळलं तर मुगातलं लोह अंगी लागायलाही मदत होते.

पण कच्चं ते सगळं चांगलं आणि शिजवलेलं ते मेलेलं, हे खरं नाही. गाजरातलं बीटा कॅरोटिन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं. टोमॅटोचा लाल रंग ज्याच्यामुळे असतो ते लायकोपीन तेलात परतल्यावर जास्त मिळतं. टोमॅटोच्या साराला फोडणी देणाऱ्या आपल्या आज्या काही चुकत नव्हत्या.

मी चुकले ती दुसऱ्या वर्षी. एवढं बरं वाटतंय तर पूर्णच करू, म्हणून गॅस बंद केला. दूध तापवलेलं असतं म्हणून दहीसुद्धा सोडलं. पहिले तीन आठवडे अंग हलकं झालं आणि माझी खात्रीच पटली. मग हात-पाय गार पडायला लागले. दिवसभर चावून जबडा दुखायचा आणि तरी तासाभरात भूक. याचा हिशोब साधा आहे. एका मध्यम भाकरीत साधारण १५० ते १७० कॅलरी असतात. तेवढ्या काकडीतून मिळवायच्या तर किलोभर काकडी खावी लागते. केस गळायला लागले. लागोपाठ तीन महिने पाळी आली नाही. मी तेव्हा ४३ वर्षांची होते, वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं. आठव्या महिन्यात जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा कुठे रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९, आणि बी-१२ जीवनसत्त्व तळाला. वनस्पतींत बी-१२ नसतंच, आणि शाकाहारी माणसाचं मुळात काठावर असतं. मी तर दहीही बंद केलं होतं. इंजेक्शनं घेतली आणि त्याच रात्री भाकरी थापली.

जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाच्या संशोधकांनी दीर्घकाळ कच्चं खाणाऱ्या पाचशेहून जास्त लोकांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. त्यात ४५ वर्षांखालच्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अधूनमधून किंवा पूर्णच बंद झालेली होती. हे मला नंतर वाचायला मिळालं. आधी मिळालं असतं तर ते तीन महिने मी वयाच्या खात्यावर टाकले नसते. म्हणूनच त्या मुलीला मी सगळ्यात आधी पाळीबद्दल विचारलं, वजनाबद्दल नाही.

गांधीजींनीही १९२९ मध्ये हा प्रयोग केला होता. मोड आलेले गहू, बदामाचा लगदा, वाटलेला पाला, लिंबू आणि मध. त्याबद्दल त्यांनी 'यंग इंडिया'त उत्साहाने लिहिलं. मग आमांश झाला आणि त्यांनी तो प्रयोग थांबवला. थांबवल्याचंही त्यांनी सगळ्यांना सांगितलं, याचा मला फार आधार वाटतो.

आता खरं काम. कच्चं खाणाऱ्याच्या घरी रांधण्याचा वेळ वाचतो असं लोकांना वाटतं. तो सगळा वेळ धुण्यात जातो. मेथीची जुडी मोठ्या परातीत पाण्यात बुडवायची, हाताने हलवायची, थोडा वेळ सोडायची आणि पाला वरच्यावर उचलून घ्यायचा. पाणी ओतायला गेलात तर माती परत पाल्यावर बसते. पहिल्या पाण्यात परातीच्या तळाशी बोटभर रेती दिसते, दुसऱ्यात चिमूटभर, तिसरं पाणी स्वच्छ. आणि रेती दिसते तरी, जंतांची अंडी दिसत नाहीत. सांडपाण्यावरच्या भाजीतून पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकतात. २०११ मध्ये जर्मनीत मोडांमधून ई-कोलाय हा जिवाणू पसरला, हजारो लोक आजारी पडले, पन्नासहून जास्त दगावले. माग काढत गेले तर संशय मेथीच्या बियांवर आला. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जिवाणूंना लागते. तेव्हापासून... म्हणजे हे कळल्यापासून मी मूगसुद्धा दोन मिनिटं वाफवते. चव थोडी उतरते, चालतं. आणि पावसाळ्यात पालेभाजी कच्ची खातच नाही.

राजम्याला मोड आणून कच्चा कधीही खाऊ नका, त्यातलं विषारी द्रव्य नीट उकळल्याशिवाय जात नाही. मुतखडा झालेल्यांनी पालकाचा कच्चा रस रोज पिऊ नये. गरोदर बाया, लहान मुलं, ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा यांना या वाटेला नेऊ नका.

मुलीने सगळं लिहून घेतलं. तोंड थोडं उतरलं होतं तिचं. रविवारी ती मेथीची जुडी घेऊन आली. आम्ही दोघींनी तीन पाण्यांत धुतली, तिनेच चिरली, घोळाणा कालवला. तोवर मी तव्यावर भाकरी टाकली होती. तिने दीड भाकरी खाल्ली.