शेऱ्याचा रकाना

“वहिनी, आमच्या आज्यानं जल्मात ट्रॅक्टर घेतला न्हाई, मग ह्यो बोजा कशाचा?” असे म्हणून त्या तरुणाने सातबाऱ्याचा उतारा माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा फेब्रुवारी संपायला दोन दिवस उरले होते. द्राक्षबागेच्या दोन ओळींतून जाईल असा कमी रुंदीचा ट्रॅक्टर आणि त्यामागे औषध मारायचा ब्लोअर, असे कोटेशन त्याने आमच्याकडून नेले होते; पण बँकेने सातबारा पाहिला आणि कर्ज थांबवले. इतर हक्कांच्या रकान्यात आजोबांच्या नावावर १९७४ सालचे ट्रॅक्टरचे कर्ज दिसत होते आणि ते देणारी बँक केव्हाच गुंडाळली गेली होती. बेबाकीचा, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा, दाखला आणल्याशिवाय बोजा उतरणार नाही, असे त्याला सांगण्यात आले होते. बंद पडलेल्या बँकेचा दाखला कुठून आणायचा, हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

तासगावातल्या आमच्या दुकानाचे हिशेब मी अकरा वर्षे पाहते. मला त्याच्या आजोबांपेक्षा महिनाअखेरच्या विक्रीचा आकडा अधिक छळत होता, हे कबूल केलेले बरे. सासरे, म्हणजे अण्णा, दाराजवळच्या खुर्चीवर बसून सगळे ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, “चौऱ्याहत्तर ना? मग माळ्यावर नोंदवही असणार.”

माळ्यावर आमच्या चार पिढ्या लाल कापडात बांधून ठेवलेल्या आहेत. सर्वांत जुन्या चोपड्या मोडी लिपीत आहेत आणि त्या आज घरात कोणालाही वाचता येत नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात १९१० साली कारखाना उभारला, तेव्हा जवळच्या स्टेशनाचे नाव कुंडल रोड होते. अण्णांचे आजोबा पुढे तिथून बैलगाडीने लोखंडी नांगर, कडबा कापायची यंत्रे आणि उसाचे चरक आणून विकू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत त्या काळी पक्की होती. त्यामुळे ते नांगर आधी हंगामभर वापरायला देत आणि सुगी झाल्यावर पैसे मागत, असे घरात सांगतात. मोट जाऊन विहिरीवर डिझेल इंजिने आली, तेव्हा दुकान दादांच्या, म्हणजे अण्णांच्या वडिलांच्या हाती आले होते आणि तिथून पुढच्या वह्या बाळबोध लिपीत आहेत.

आम्हाला हवी होती ती वही जाड पुठ्ठ्याची होती. आज शोरूममध्ये उभा असलेला ट्रॅक्टर त्याच दिवशी घरी नेता येतो, त्यामुळे त्या वहीचे महत्त्व माझ्या ध्यानात येत नव्हते. तेव्हा मागणी फार आणि ट्रॅक्टर थोडे, अशी अवस्था होती. १९७१ साली केंद्र सरकारने त्यांच्या विक्रीवर आणि वितरणावर नियंत्रण आणले. पैसे भरून नाव नोंदवायचे आणि आपल्या क्रमाची वाट पाहायची. क्रम पुढे सरकवून घेण्यासाठी नात्यातली माणसेही येत, तेव्हा दादा काही न बोलता ही वही उघडून त्यांच्यापुढे सरकवत, हे अण्णांनी स्वतः पाहिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या पानांवर कितीतरी नावांवर रेघ आहे आणि पुढे दादांच्या अक्षरात ‘अनामत परत’ असे लिहिलेले आहे.

त्या तरुणाच्या आजोबांचे नाव आम्हाला दोन तास शोधून मिळाले नाही. मी वही मिटायला निघाले, तेव्हा अण्णांनी खालून हाक दिली, “सूनबाई, नावात काय शोधताय? शेरे वाचा.”

शेऱ्याचा रकाना वाचायला लागल्यावर अठ्ठावन्नाव्या क्रमांकावर तो सापडला. अर्जदार शेजारच्या वाडीचा होता, आणि शेऱ्यात ‘जामीन’ या शब्दापुढे या तरुणाच्या आजोबांचे नाव व सर्व्हे नंबर होता. ट्रॅक्टर त्यांनी घेतलाच नव्हता. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरसाठी त्यांनी आपली जमीन अडकवली होती आणि घरात त्याविषयी चकार शब्द काढलेला नव्हता. पण सातबाऱ्यावर होता गट नंबर. जमिनींचे एकत्रीकरण होऊन नंबर बदलले, हे आमच्या लक्षात आले, तेव्हा त्याने चुलत्यांना फोन लावून जुना सर्व्हे नंबर विचारला. तो जुळला. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसला होता.

त्याच ओळीत निळ्या शाईने आणखी एक शेरा होता: ‘१९८३. जुना ट्रॅक्टर बदल्यात घेतला. बेबाकी फायलीत.’ जुने वाहन दुसऱ्याच्या नावावर करायचे, तर बँकेचा हक्क उठल्याचा कागद लागतोच. म्हणून दादांनी तो घेऊन ठेवला होता. लोखंडी कपाटातल्या फायलीत तो निघाला, तेव्हा टाचणीच्या गंजाने त्याच्या कोपऱ्यात तपकिरी भोक पडलेले होते, परंतु बँकेचा शिक्का, कर्जखात्याचा क्रमांक आणि जामीनदाराचे नाव स्वच्छ वाचता येत होते. कर्ज फिटले होते, पण बोजा कमी करण्याचा अर्ज बहुधा कोणीच दिला नव्हता.

मूळ दाखला त्याच्या हाती द्यावा, असे मला वाटले. अण्णांनी साफ नकार दिला. “दुकानाचा कागद दुकानाच्या माणसाबरोबरच जाईल,” असे म्हणून वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते नोंदवही काखेत धरून स्वतः त्याच्याबरोबर तलाठी कार्यालयात गेले. छायाप्रत दिली, मूळ दाखवून परत आणला, आणि असे ते एकूण तीनदा गेले. फेरफार मंजूर होऊन बोजा उतरायला पाच आठवडे लागले, त्यामुळे माझा फेब्रुवारीचा आकडा गेला तो गेलाच.

ट्रॅक्टर एप्रिलमध्ये गेला. त्या संध्याकाळी अण्णांनी नोंदवही पुन्हा मागवून घेतली, अठ्ठावन्नाव्या ओळीत दादांच्या निळ्या शेऱ्याखाली उरलेल्या बोटभर जागेत तारीख घातली आणि लिहिले: ‘दाखला दाखवला. परत आणून फायलीत ठेवला.’ मग मला नवी टाचणी आणायला सांगितले.