दुसरी लाट

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे भूगोलाचे सर उभे राहिले. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

पाटण तालुक्यातल्या पोरांना भूकंपाचं काय नवल? ११ डिसेंबर १९६७ची पहाट आपल्याकडे घरोघरी सांगतात. पण भूकंपाची जागा शोधतात कशी, हे दाखवलं सरांनी. १९९३ सालचं किल्लारी नुकतंच होऊन गेलं होतं. सरांनी वर्ग मैदानावर काढला. सगळ्यांत चपळ गडी आणि मी, दोघांना घंटेपासून एकदमच पळायला लावलं. आधी चिंचेपर्यंत, मग थेट फाटकापर्यंत. सर घड्याळ लावून. अंतर वाढलं तसा आमच्या पोचण्यातला फरकही वाढला. भूकंपातून एकदमच निघणाऱ्या दोन लाटांचंही तसंच: पी वेगवान, एस मागून येणारी. "हा पी लाट, तू एस. मागून येतोस, पण घरं तूच पाडतोस!" दहावीपर्यंत मी 'एस'च राहिलो.

दोन लाटा पोचण्यामध्ये जितके सेकंद, त्याच्या साधारण आठपट किलोमीटर भूकंप लांब. मग वर्गात येऊन भारताच्या नकाशावर सुतळी आणि खडू. हैदराबादेत २५ सेकंद, म्हणजे २०० किलोमीटर. पुण्याहून ३००, मुंबईहून ४००. तिन्ही वर्तुळं लातूरच्या खाली, औशाच्या बाजूला छेदली. मध्ये बारकासा त्रिकोण उरलाच. (ते सेकंद सरांनी नकाशावरूनच उलटे काढले होते, हे कॉलेजात गेल्यावर माझ्या लक्षात आलं!)

रिश्टरही तिथेच समजला. एक अंक वाढला की नोंदीतली रेघ दहापट उंच, ऊर्जा मात्र सुमारे ३२ पट. लांबच्या नोंदणी केंद्रावर रेघ लहानच उमटणार, म्हणून अंतराचा हिशेब आधी.

आज भूकंपाच्या नोंदी वाचणं हाच माझा पेशा आहे. संगणक कितीतरी केंद्रांच्या वेळा जुळवून भूकंप किती खोल झाला तेही काढतो. मोठ्या भूकंपाची तीव्रता आता खडक किती लांबरुंद फाटला आणि किती सरकला, यावरून ठरवतात. त्या मापाने किल्लारी ६.२, आपल्या कोयनेपेक्षा जरा कमीच. तरी माणसं हजारोंनी गेली. दगडमातीच्या जाड भिंती झोपेतच अंगावर आल्या.

नव्या इमारतीत स्मार्ट बोर्ड आलाय, उत्तम. पण पाडापाडीत तो नकाशा गेला, हे काही मला पटलेलं नाही. समितीला विनंती, जिन्याजवळच्या मोकळ्या भिंतीवर नकाशा रंगवून घ्या. खर्च माझ्याकडे. फक्त प्रमाण ठळक लिहा, नाहीतर सुतळी किती धरायची ते पोरांना कळायचं नाही.