अण्णा, लाईट गेली की

पहाटे चारला आमच्या स्वयंपाक्याचा फोन आला. "मॅडम, सात नंबरचा गडी झोपंना. हवेत कायतरी करलालाय."

त्याच दिवशी अकराला अनुदानाची तपासणी होती. मी सोलापुरातल्या एका १५ खाटांच्या व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. सात नंबरचा पेशंट पूर्व भागातला, यंत्रमागावर कामाला. हातभट्टी सुटून तिसरा दिवस, आणि तिसऱ्या दिवसाला आम्ही सगळेच टरकून असतो. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की ४८ ते ७२ तासांत काहींना भ्रम होतो, घाम फुटतो, नाडी पळते. वेळेत उपचार नाही झाले तर माणूस हातचा जातो. २०२१ साली ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन'मध्ये तांड्यांवरच्या भट्ट्या बंद करून लोकांना दुसरे धंदे धरायला लावले, ते चांगलंच झालं. पण भट्टी बंद झाली म्हणून पिणाऱ्याचं शरीर काही ऐकत नाही.

हे रात्री ओळखायला नर्स लागते. आमची रात्रपाळीची नर्स दोन महिन्यांपूर्वी सोडून गेली. अनुदानाचा हप्ता आला नव्हता, पगार थकला होता, तिला तरी काय म्हणणार? ऑनलाइन अर्ज, सीएचं विनियोग प्रमाणपत्र, तपासणीचा अहवाल, एवढं सगळं वर गेल्यावर पुढचा हप्ता सुटतो. दारूवरचं उत्पादन शुल्क मात्र तिजोरीत पडायचं थांबल्याचं मी कधी ऐकलं नाही.

पोचले तेव्हा पेशंटचा अंगठा आणि तर्जनी हवेत काहीतरी चाचपत होती. सापडलं की बारीक पीळ, झटका, की लगेच पुढचं. मला वाटलं, किडे दिसत असणार, बहुतेकांना दिसतात.

"किडे न्हाईत," स्वयंपाकी म्हणाला. तो आमचाच जुना पेशंट, त्याआधी चादरीच्या मागावर होता. "ताण्याचा धागा तुटलाय. गाठ मारलालाय."

मग तो त्याच्या कानाशी वाकला. "अण्णा, लाईट गेली की. माग बंद करा."

हात थांबले. जेमतेम मिनिटभर, पण तेवढ्यात आमच्या डॉक्टरांना शीर सापडली. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, शांत करणारं लोराझेपाम, आणि सहाच्या आत रिक्षातून सिव्हिलला. बायको बरोबर होती. विड्या वळायचं सूप शेजारणीकडे टाकून आली होती.

अकराला पथक आलं. रजिस्टर, स्वयंपाकघर, औषधांचं कपाट बघून झालं आणि साहेब सात नंबरपाशी थांबले.

"ही रिकामी का?"

मी सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता, नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "मॅडम, सिव्हिलला हलवलेल्याचा रकानाच नाही ओ. भरलेली किंवा रिकामी." आणि लिहिलं, १४. रात्रपाळीच्या नर्ससमोर 'पद रिक्त' असा शेराही मारला. तो खराच होता.

संध्याकाळी स्वयंपाकी डबा घेऊन सिव्हिलला गेला, मीही गेले. पेशंट झोपेतच होता, हात चादरीवर पसरलेले. आमची चाहूल लागून त्यानं डोळे किलकिले केले.

"लाईट आली का?"

"न्हाई अजून," स्वयंपाकी म्हणाला. "झोपा तुम्ही."