गारपीट, छप्पर आणि टेक्सासचे पब्लिक अॅडजस्टर

डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी या भागांत मराठी घरं पुष्कळ आहेत. वसंतात तिथे लिंबाएवढ्या गारा पडतात. छपरावर अॅस्फाल्टच्या (डांबराच्या) शिंगल्स, म्हणजे कौलांसारखे रचलेले पातळ तुकडे, असतात. गारेने भोक पडतंच असं नाही. शिंगलवरची वाळूसारखी खडी झडते, खालचा काळा थर उघडा पडतो आणि खडी पन्हळीच्या तोंडाशी साचते. गळती मात्र वर्षा-दोन वर्षांनी सुरू होते. तोवर नुकसान कळवण्याची मुदत, बऱ्याच पॉलिसींत एक वर्षाची, उलटलेली असते. म्हणून आठवडाभरातच पन्हळ, खिडक्यांच्या जाळ्या आणि एसीच्या बाहेरच्या युनिटचे पत्रे यांचे तारखेसकट फोटो काढून ठेवायचे.

मग पॉलिसी उघडायची. हा एकतर्फी लिहिलेला करार असतो: मसुदा कंपनीचा, आपण फक्त हो म्हणायचं. म्हणूनच एखाद्या कलमाचे दोन रास्त अर्थ निघत असतील, तर न्यायालय विमेदाराच्या बाजूचा अर्थ धरतं. शब्द स्पष्ट असतील तर मात्र ही सवलत नाही. आधी डिक्लरेशन्स पेज (विम्याच्या रकमांचं पहिलं पान) वाचायचं, आणि लगेच शेवटची एंडॉर्समेंट्स (मूळ पॉलिसीत बदल करणारी जोडपानं). लोक तिथपर्यंत जात नाहीत, आणि नेमकं तिथेच लिहिलेलं असतं की छपराला घसारा (जुनेपणामुळे घटलेली किंमत) वजा करूनच पैसे मिळतील, किंवा धातूच्या छपरावरचे नुसते पोचे धरले जाणार नाहीत.

आकडे मांडून पाहू. घराचा विमा ५ लाख डॉलरचा, गारा-वाऱ्याचा डिडक्टिबल (नुकसानीतला आपण सोसायचा वाटा) २ टक्के. हे २ टक्के नुकसानीचे नव्हेत, विम्याच्या रकमेचे. म्हणजे १०,००० डॉलर. नवं छप्पर २८,००० चं, घसारा ९,०००. पहिला चेक २८,००० वजा ९,००० वजा १०,०००, म्हणजे ९,००० चा. पूर्ण बदली-किमतीची, म्हणजे शेवटी घसारा न कापता नव्या छपराची किंमत धरणारी पॉलिसी असेल तर उरलेले ९,००० काम झाल्याचं बिल दिल्यावर येतात. पहिला चेक पाहून ‘कंपनीने फसवलं’ असं वाटतं, पण निम्मे पैसे अजून यायचे असतात.

नुकसान मोजायला पाहणीला येणारा अॅडजस्टर कंपनीचा नोकर असतो किंवा ‘इंडिपेंडंट’. नावावर जाऊ नका, इंडिपेंडंटलाही पैसे कंपनीच देते. भारतातही परवानाधारक सर्व्हेअरला बहुतेक वेळा कंपनीच नेमते. विमेदाराच्या बाजूने दावा मांडणारा आणि वाटाघाटी करणारा तो पब्लिक अॅडजस्टर. टेक्सासमध्ये त्याला राज्याच्या विमा विभागाचा परवाना लागतो: परीक्षा, बोटांचे ठसे आणि १०,००० डॉलरचा बाँड (हमीपत्र). विभागाच्या संकेतस्थळावर नाव टाकून परवाना चालू आहे का ते पाहता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते सहीच्या आधी करायचं.

त्याच्याशी करार विभागाने मंजूर केलेल्या नमुन्यातच हवा, आणि अॅडजस्टर फक्त विमेदाराचा प्रतिनिधी आहे हे त्यात ठळक अक्षरांत छापलेलं हवं. सही केल्यापासून ७२ तासांत लेखी कळवून करार मोडता येतो. फी जास्तीत जास्त मिळालेल्या रकमेच्या १० टक्के. मात्र नुकसान कळवल्यापासून ७२ तासांत कंपनीने पॉलिसीची कमाल रक्कम देण्याचं लेखी कबूल केलं, तर त्याला टक्केवारी घेता येत नाही; दिलेला वेळ आणि खर्च यांचाच मोबदला.

ही टक्केवारी कशावर, हा खरा प्रश्न. वरच्या उदाहरणात कंपनी १८,००० देणार होती आणि त्याने २४,००० मिळवून दिले, तर पूर्ण रकमेवर फी २,४००. वाढीवर धरली तर ६००. कंपनीचा आकडा आधीच हातात असेल तर फी फक्त वाढीवर घ्यायला सांगा आणि ते करारात लिहून घ्या. छपराचा साधा, वाद नसलेला दावा असेल तर आमच्या मते पब्लिक अॅडजस्टरची गरजच नाही. आग, फुटलेल्या पाइपने भिजलेलं अख्खं घर, किंवा सरसकट नाकारलेला दावा असेल तर तो फीपेक्षा जास्त मिळवून देऊ शकतो.

गारा थांबल्या की दारावर रूफर, म्हणजे छप्पर बदलणारे कंत्राटदार, येतात. टॅब्लेट पुढे करून म्हणतात, ‘सही करा, कंपनीशी आम्हीच बोलतो.’ हे बेकायदा आहे. ज्या घराचं काम करायचं त्याच घराचा दावा कंत्राटदाराला लढवता येत नाही, त्याच्याकडे अॅडजस्टरचा परवाना असला तरीही. एका रूफिंग कंपनीने या नियमाला आव्हान दिलं होतं. २०२४ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. अर्थ सरळ आहे: नुकसानीचा आकडा ठरवणारा आणि त्या आकड्यावर कमावणारा एकच असेल, तर आकडा फुगणारच. रूफरने अंदाजपत्रक द्यावं, शिंगल्सची मापं समजावून सांगावीत, तेवढं चालतं.

‘डिडक्टिबल आम्ही सोडून देतो’ हेही ऐकू येतं. सप्टेंबर २०१९ पासून तो गुन्हा आहे. शिवाय घसाऱ्याचे पैसे सोडण्याआधी कंपनी डिडक्टिबल भरल्याचा पुरावा मागू शकते: वटलेला चेक किंवा कार्डाचं स्टेटमेंट. तो नसेल तर वरच्या हिशोबातले दुसरे ९,००० अडकतात.

घरावर कर्ज असेल तर चेकवर बँकेचंही नाव असतं, आणि पब्लिक अॅडजस्टर नेमला असेल तर बहुधा त्याचंही. सगळ्यांच्या सह्यांशिवाय तो वटत नाही, आणि मोठी रक्कम बँक कामाची पाहणी करून हप्त्याहप्त्यानेच सोडते. म्हणून रूफरला तारीख देण्याआधी बँकेच्या लॉस ड्राफ्ट विभागाला (विम्याचे चेक हाताळणाऱ्या) फोन करून कोणकोणते कागद लागतील ते विचारून घ्या.