सांध्यावर सांधा

कोल्हापुरातील एका लॉजच्या स्वागतकक्षासाठी वॉलपेपरची नक्षी करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा नव्या राजवाड्यापलीकडे माझे मन गेलेच नाही. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात उभ्या राहिलेल्या त्या काळ्या दगडी वास्तूच्या पाकळीदार कमानी मी आठवडाभर रेखाटल्या, त्यांतली एक निवडली आणि तिच्यामागे दगडी थरांच्या बारीक आडव्या रेघा घातल्या. पट्टा ५३ सेंटिमीटर रुंद होता आणि दर ६४ सेंटिमीटरला नक्षी पुन्हा येत होती. संगणकाच्या पडद्यावर ती देखणी दिसत होती.

चाचणीचे पाच पट्टे भिंतीवर चिकटवून मी दारापर्यंत मागे गेले आणि मला कमानी दिसेनाशाच झाल्या. दिसत होते ते दोन कमानींमधल्या रिकाम्या जागांचे, छतापासून जमिनीपर्यंत गेलेले उभे पांढरे ओघळ. पडद्यावर मी एका वेळी दोन-तीनच आवृत्त्या पाहत असे, त्यामुळे हा दोष लपून राहिला होता. रंग गडद करावा की कमान रुंद करावी, या विचारात मी असताना शेजारच्या खोलीत गिलावा करणारे वयस्कर गवंडी दारात येऊन थांबले. "ताई, सांध्यावर सांधा आलाय की," ते म्हणाले. "भिंत अशी कुणी बांधत न्हाई."

बांधकामात हे टाळण्याच्या रीतीला सांधेमोड म्हणतात. खालच्या थरातील उभा सांधा वरच्या थरातील दगडाच्या अंगाखाली यावा लागतो. तसे न झाल्यास सांध्यांची एकच उभी रेघ तयार होते आणि भिंत तिथेच फाटते. आमच्या व्यवसायात एकाआड एक पट्टा अर्ध्या आवृत्तीने खाली उतरवण्याच्या रीतीला हाफ ड्रॉप म्हणतात आणि ती मी शिकलेलेही होते. राजवाड्याच्या कमानी मी टिपल्या, पण ज्या भिंतीत त्या बसल्या आहेत तिची बांधणी पाहिलीच नाही, याची मला खरोखर लाज वाटली.

पट्टे ३२ सेंटिमीटर नुसते सरकवून मात्र भागणार नव्हते. हाताने काढल्यासारख्या वाटाव्यात म्हणून थरांच्या रेघा मी मुद्दाम कमीजास्त अंतरावर ठेवल्या होत्या. पट्टा सरकताच जोडावर त्या एकमेकींना चुकू लागल्या. अखेर रात्री बसून दोन्ही कडांवर त्या नेमक्या आठ-आठ सेंटिमीटरवर आणल्या आणि मधल्या भागात पूर्वीसारख्याच वाकड्या राहू दिल्या. आता चार थर उतरले की रेघ पुन्हा रेघेला मिळत होती.

दुसऱ्या चाचणीत ओघळ गेले. मालकांनी मात्र छताजवळ एकाआड एक कमान डोक्यातून कापली गेल्याची तक्रार केली, आणि ती रास्त होती. छताखाली एक काळी आडवी पट्टी लावल्यावर त्या कमानी तिच्यामागे गेल्यासारख्या दिसू लागल्या. गवंडीबाबांना हे दाखवायचे राहून गेले; तोपर्यंत त्यांचे काम दुसरीकडे लागले होते.